गोड वासाचे द्रावक: इथाइल ॲसिटेट वापरणाऱ्यांसाठी

ॲसिटोन नसलेल्या नेलपॉलिश रिमूव्हरचे झाकण उघडले की पिकून उतरू लागलेल्या फळांसारखा, किंचित आंबूस वास येतो. तो बहुतेक वेळा इथाइल ॲसिटेटचा असतो. वेफर्स आणि फरसाणाची पाकिटे छापणारे कारखाने, लाकडावर लॅकर मारणारी वर्कशॉप्स, औषध कंपन्यांचे प्लांट आणि कॉलेजच्या प्रयोगशाळा या सगळ्या ठिकाणी हे द्रावक रोज ओतले, ढवळले आणि उडवले जाते. इतक्या वेगवेगळ्या हातांतून जाणारी रसायने थोडीच आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच हातांना त्याच्या स्वभावाची पुरती ओळख कुणी करून दिलेली नसते.

टोल्युइनऐवजी इथाइल ॲसिटेट वापरा असे मी आग्रहाने सांगतो, कारण शरीराला ते खूपच कमी त्रास देते. पण आगीच्या बाबतीत त्याची गणना पेट्रोलच्या रांगेत करावी लागते. वास सुखद आणि त्रास कमी, त्यामुळे माणसे त्याच्याशी सैलपणे वागतात. झाकणे उघडी राहतात, बादलीतून द्रावक नेले जाते, शेजारी मोबाइल चार्ज होत असतो. म्हणून या लेखात आगीला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

आधी ते बनते कसे ते पाहू, कारण वापरातल्या अर्ध्या तक्रारींचे मूळ तिथेच आहे. इथाइल अल्कोहोल आणि ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरला आंबटपणा देणारे आम्ल, यांच्या संयोगातून इथाइल ॲसिटेट हा एस्टर आणि पाणी तयार होते. फ्रान्समधील काउंट द लोराग्वे यांनी १७५९ मध्ये हे दोन पदार्थ एकत्र ऊर्ध्वपातित करून ते प्रथम मिळवले. आजही अनेक कारखान्यांतील पद्धत तत्त्वतः तीच आहे, फक्त सल्फ्युरिक आम्लासारखा उत्प्रेरक आणि उंच स्तंभ तिच्या मदतीला आले आहेत. महाराष्ट्रात या उद्योगाची नाळ उसाशी जोडलेली आहे. उसाची मळी आंबवून अल्कोहोल आणि अल्कोहोलपासून इथाइल ॲसिटेट, अशी ही साखळी आहे. महाड, नीरा आणि कोपरगावजवळची साकरवाडी ही त्याच्या उत्पादनाची आपल्याकडची जुनी ठिकाणे. यीस्ट तर ते कारखान्याशिवायच बनवते. वाइनमध्ये हा एस्टर नेहमी थोडा असतोच, पण त्याचे प्रमाण लिटरला १५० ते २०० मिलिग्रॅमच्या वर गेले की वाइनला नेलपॉलिशसारखा वास मारू लागतो आणि चाखणारे ती बिघडली असे म्हणतात.

वरची अभिक्रिया दोन्ही दिशांनी चालते. अल्कोहोल आणि आम्ल सारख्या रेणूसंख्येने मिसळले, तर सुमारे दोन तृतीयांश रूपांतर झाल्यावर गाडी थांबते. याचा अर्थ असा की इथाइल ॲसिटेटमध्ये पाणी शिरले आणि त्याला वेळ, उष्णता किंवा आम्लाचा अंश मिळाला, की ते हळूहळू पुन्हा आपल्या आईबापांत विभागले जाते. ड्रमला व्हिनेगरचा वास येऊ लागला तर हेच घडले आहे असे समजा.

आगीचा हिशेब

इथाइल ॲसिटेट ७७ अंश सेल्सिअसला उकळते. पण आगीसाठी महत्त्वाचा आकडा उणे ४ अंश हा आहे. त्या तापमानालाही त्याच्या पृष्ठभागावर ठिणगीने पेट घेण्याइतकी वाफ तयार झालेली असते. महाराष्ट्रात कुठल्याही ऋतूत, कुठल्याही वेळी, उघडे इथाइल ॲसिटेट पेटण्याच्या तयारीतच असते. ‘आज गारवा आहे, काही होत नाही’ या वाक्याला इथे आधार नाही.

त्याची वाफ हवेच्या तिप्पट जड असते. ती वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही. जमिनीलगत पसरते, पायऱ्या उतरते, गटारात शिरते आणि दूरवरच्या ठिणगीपर्यंत पोहोचून तिथून ज्वाला उलट्या दिशेने आणू शकते. भिंतीत उंचावर बसवलेला पंखा म्हणूनच फारसा उपयोगाचा नाही. वाफ ओढून घेण्याची सोय जमिनीजवळ हवी आणि पंख्याची मोटर फ्लेमप्रूफ हवी.

आता प्रमाण किती ते पाहा. हवेत सुमारे २.२ टक्के वाफ झाली की मिश्रण पेटू शकते. एक लिटर द्रावक पूर्ण उडाले तर सुमारे २५० लिटर वाफ होते आणि ती साधारण ११ घनमीटर हवा पेटण्याजोगी करू शकते. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली सुमारे ३४ घनमीटरची असते. म्हणजे तीन लिटर सांडले आणि खोली बंद असेल, तर अख्खी खोली त्या मर्यादेला टेकते. प्रत्यक्षात वाफ खाली साचते, त्यामुळे इतकेही लागत नाही. जमिनीपासून दोन फुटांचा थर भरायला पाण्याच्या एका बाटलीइतकेही नको, पाऊण लिटरच्या आतच काम होते. आणि स्विचबोर्ड वर असले तरी एक्स्टेन्शन बोर्ड, हीटर आणि पंपाच्या मोटरी जमिनीवरच असतात.

ड्रमच्या आतली परिस्थिती फार लोकांना ठाऊक नसते, म्हणून ती सविस्तर सांगतो. अर्ध्या भरलेल्या बंद ड्रममध्ये द्रावकाच्या वर जी हवा असते, तीत वाफेचे प्रमाण तापमानावर ठरते. ३० अंशांना ते १५ टक्क्यांच्या आसपास जाते. इतकी दाट वाफ पेटत नाही, कारण वरची मर्यादा साडेअकरा टक्क्यांच्या आसपास आहे. पण तापमान २० अंशांवर आले की वाफ साडेनऊ टक्क्यांच्या जवळपास येते, आणि नाशिककडच्या हिवाळी पहाटे १० अंश असले तर साडेपाच टक्क्यांवर. हे दोन्ही आकडे पेटण्याच्या पट्ट्यात नेमके बसतात. पेट्रोलच्या टाकीतली वाफ आपल्या हवामानात इतकी दाट असते की टाकीच्या आत ती सहसा पेट घेत नाही. इथाइल ॲसिटेटला हे संरक्षण फक्त उष्ण हवेत मिळते. थंडीच्या सकाळी ड्रम उघडताना जास्त सावध राहा, असे म्हणण्यामागे हे कारण आहे.

ठिणगी येते कुठून? वेल्डिंग, बिडी, उघडी शेगडी हे सगळ्यांना कळते. न दिसणारी ठिणगी स्थिर विजेची असते. फिल्मचे रोल वेगाने उलगडताना, द्रावक उंचावरून धारेने ओतताना, पॉलिस्टरचे कपडे घालून हालचाल करताना भार साठतो. उपाय साधे आहेत आणि ते रोज करायचे आहेत. ड्रमला अर्थिंगची क्लिप लावा. ज्या भांड्यात ओतणार ते धातूचे असू द्या आणि ड्रम व भांडे तारेने एकमेकांना जोडून घ्या. हे जोडकाम झाकण उघडण्याआधी करायचे आणि झाकण लागल्यावरच काढायचे. ओतताना नळी भांड्याच्या तळापर्यंत न्या, म्हणजे धार शिंपडत नाही. प्लास्टिकच्या बादलीला अर्थिंग करता येत नाही, तेव्हा ती वापरूच नका. क्लिपखालचा रंग खरवडून धातूला धातू भिडल्याची खात्री करा. रंगावर चिमटा लावलेले अर्थिंग मी अनेक ठिकाणी पाहिले आहे, आणि त्याचा उपयोग शून्य असतो.

आग लागलीच तर पाण्याची जोरदार धार मारू नका. हे द्रावक पाण्यापेक्षा हलके आहे, ते पाण्यावर तरंगत जळत पुढे सरकते. ड्राय पावडर किंवा कार्बन डायऑक्साइडची नळकांडी छोट्या आगीला पुरतात. मोठ्या साठ्यासाठी फोम ठेवायचा असेल तर तो अल्कोहोल-रोधक प्रकारचा मागा, कारण साधा फोम अशा द्रावकांवर मोडतो. पाण्याचा फवारा शेजारचे ड्रम थंड ठेवण्यासाठी जरूर वापरा.

सांडले तर आधी कुठलाही स्विच हलवू नका, चालू करू नका आणि बंदही करू नका. माणसे बाहेर काढा, दारे-खिडक्या उघडा, मग कोरडी वाळू टाकून धातूच्या फावड्याऐवजी ठिणगी न पाडणाऱ्या साधनाने ती भरा.

पाणी हा दुसरा शत्रू

शंभर मिलिलिटर पाण्यात सुमारे ८ ग्रॅम इथाइल ॲसिटेट विरघळते आणि उलट इथाइल ॲसिटेटमध्ये सुमारे ३ टक्के पाणी राहू शकते, तेही द्रावक गढूळ न होता. डोळ्यांना स्वच्छ दिसणारा माल ओला असू शकतो.

छपाईला यामुळे थोडाच फरक पडतो. लॅमिनेशनला मात्र खूप. पॉलियुरेथेन चिकटद्रव्यातील हार्डनरचे एनसीओ (आयसोसायनेट) गट पाण्याशी अभिक्रिया करतात, पाण्याचा एक रेणू असे दोन गट खाऊन टाकतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. १८० किलोच्या एका ड्रममध्ये ०.०५ टक्के पाणी असेल तर ते ९० ग्रॅम होते. ते सगळे अभिक्रियेत आले, तर १३ टक्के एनसीओ असलेल्या हार्डनरचे सुमारे सव्वातीन किलो वाया जातात. पाणी ०.२ टक्के असेल तर जवळपास तेरा किलो. मग लॅमिनेट दोन दिवसांनीही चिकट राहते, थर सुटतात, बारीक बुडबुडे दिसतात आणि दोष चिकटद्रव्य विकणाऱ्याच्या माथी मारला जातो. द्रावकात उरलेले अल्कोहोलही हेच करते. म्हणून लॅमिनेशनसाठी माल घेताना ‘युरेथेन ग्रेड’ मागा. विश्लेषण प्रमाणपत्रावर शुद्धतेचा आकडा पाहून थांबू नका, पाणी आणि अल्कोहोल यांचे आकडे वाचा. पाणी कार्ल फिशर पद्धतीने मोजलेले असावे.

कोकणात आणि मुंबईच्या पट्ट्यात पावसाळ्यात चांगला मालही आपणच ओला करतो. ड्रम उघडा ठेवला की दमट हवा आत जाते. झाकण सैल असलेला अर्धा ड्रम दिवसा तापतो, रात्री थंड होतो आणि प्रत्येक वेळी बाहेरची हवा आत ओढतो. ड्रम सावलीत, आडोशाला ठेवा. वापर झाला की झाकण लगेच घट्ट लावा आणि पावसाळ्यात जेवढा लागेल तेवढाच माल मागवा. मोठ्या टाकीच्या श्वासनळीवर सिलिका जेल भरलेला ब्रीदर बसवणे फार महाग नाही, आणि ते जेल वेळेवर बदलणे हेच खरे काम आहे.

लाकडावर नायट्रोसेल्युलोज लॅकर मारणाऱ्यांची अडचण वेगळी असते. इथाइल ॲसिटेट भराभर उडते, उडताना पृष्ठभाग थंड करते, आणि दमट हवेतले पाणी त्या थंड थरावर दवासारखे बसते. फर्निचरवर पांढुरकी झाक येते. अशा वेळी थिनरमध्ये ब्युटाइल ॲसिटेटसारखे सावकाश उडणारे द्रावक वाढवा, हाताने कमी जाडीचा थर मारा आणि शक्य असेल तर पाऊस ओसरेपर्यंत थांबा.

टोल्युइन सोडून इकडे वळताना

खाद्यपदार्थांच्या वेष्टनासाठीच्या शाईविषयीचे भारतीय मानक आयएस १५४९५. त्याच्या २०२० च्या आवृत्तीने टोल्युइनला मनाई केली. त्यानंतर अनेक छोट्या प्रेसना इथाइल ॲसिटेटवर यावे लागले. हा बदल योग्यच आहे. औषधांत उरणाऱ्या द्रावकांविषयी आयसीएचची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांत टोल्युइन दुसऱ्या वर्गात, ८९० पीपीएम (दशलक्षात ८९० भाग) या मर्यादेसह येते. इथाइल ॲसिटेट तिसऱ्या, म्हणजे कमी विषारी द्रावकांच्या वर्गात येते आणि त्याची मर्यादा सर्वसाधारणपणे ५,००० पीपीएम आहे.

मात्र एका ड्रमच्या जागी दुसरा ड्रम ठेवून काम भागत नाही. ब्युटाइल ॲसिटेटच्या उडण्याचा वेग १ धरला तर टोल्युइनचा सुमारे २ आणि इथाइल ॲसिटेटचा सुमारे ४ येतो. ग्राव्ह्युअर छपाईत शाई सिलिंडरच्या बारीक खळग्यांतच सुकू लागते, हलक्या छटा गायब होतात, आणि मशीनवाला घाईने आणखी द्रावक ओततो. प्रोपाइल ॲसिटेटचा वेग टोल्युइनच्या जवळचा आहे, ते काही प्रमाणात मिसळले की बरेच प्रश्न सुटतात. किती मिसळायचे ते शाईवाल्याशी बोलून, मशीनचा वेग आणि ड्रायरची ताकद पाहून ठरवा. शाईचा ट्रे झाकलेला ठेवा. व्हिस्कोसिटी कप वारंवार लावा आणि द्रावक थोडे-थोडे घाला, कारण इथे शाई पूर्वीपेक्षा लवकर घट्ट होते. शाईतील रेझिन एस्टरमध्ये विरघळणारे आहे ना, हेही आधी विचारून घ्या.

पाकिटात वास राहिल्याची तक्रार आली की ड्रायरचे तापमान वाढवले जाते. कधीकधी त्याने उलटाच परिणाम होतो. वरचा थर झटकन सुकून कातडीसारखा बंद होतो आणि खालचे द्रावक आत अडकते. तापमानापेक्षा हवेचा झोत वाढवून पाहा, शाईचा थर पातळ करा, आणि रोल लगेच घट्ट गुंडाळून ठेवू नका. घरगुती चाचणी म्हणून ठरावीक मापाचा छापील तुकडा काचेच्या स्वच्छ बरणीत घालून, झाकण लावून, गरम पाण्याच्या भांड्यात थोडा वेळ ठेवा आणि न छापलेल्या फिल्मच्या बरणीशी वास ताडून पाहा. फरसाण असो की चहा, तेलकट आणि सुगंधी माल हा वास पटकन पकडतो. ग्राहकाला लेखी आकडा हवा असेल तर गॅस क्रोमॅटोग्राफीची चाचणी करून घ्यावीच लागेल.

कशावर चालेल, कशावर नाही? नायट्रोसेल्युलोज, पॉलियुरेथेन, ॲक्रिलिक रेझिन, राळ यांना ते छान विरघळवते. पॉलिथिन, पॉलिप्रोपिलीन आणि पॉलिस्टर फिल्मला खात नाही, म्हणूनच या फिल्मवर त्याने छापता येते. लाखेला मात्र अल्कोहोलच हवे. थर्माकोल त्यात वितळून जातो, ॲक्रिलिकला तडे जातात, पीव्हीसीची नळी आणि नैसर्गिक रबराचे वॉशर फुगतात. सीलसाठी टेफ्लॉन वापरा.

पार्लरमध्ये

पार्लर चालवणाऱ्या ताईंना मला तीन-चार गोष्टी मनापासून सांगायच्या आहेत. ‘ॲसिटोन-फ्री’ लिहिलेले रिमूव्हर ॲक्रिलिकच्या कृत्रिम नखांना ॲसिटोनपेक्षा सौम्य असते, कारण ॲसिटोन ती नखेच विरघळवते. पण ॲसिटोन-फ्री याचा अर्थ न पेटणारे असा होत नाही. वॅक्स हीटर, केसांचा ड्रायर, उदबत्ती आणि देवासमोरचा दिवा या सगळ्यांपासून रिमूव्हरचे टेबल दूर मांडा.

एसीची बंद खोली हा दुसरा मुद्दा. अमेरिकेच्या ओशा या संस्थेने आठ तासांच्या कामासाठी हवेतल्या इथाइल ॲसिटेटची सरासरी मर्यादा ४०० पीपीएम ठरवली आहे. वर सांगितलेल्या दहा बाय बाराच्या खोलीत सुमारे ५५ मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या कपाहून कमी द्रव उडाला आणि हवा बदललीच नाही, तर तो आकडा गाठला जातो. वापरलेला कापूस उघड्या टोपलीत न टाकता झाकणाच्या धातूच्या डब्यात टाकला, तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. सुट्टे थिनर विकत आणून रिमूव्हरच्या बाटलीत भरण्याचा मोह टाळा. त्यात टोल्युइन असू शकते, मिथेनॉलही असू शकते, आणि ते गिऱ्हाइकाच्या त्वचेवर जाते.

ॲसिटेट सॅटिनचा दुपट्टा, चष्म्याच्या काही फ्रेम आणि ॲक्रिलिकचे ट्रे यांवर थेंब पडला तर डाग नुसता पुसला जाणार नाही, तो भाग विरघळलेला असेल.

प्रयोगशाळेत

दहावी-बारावीच्या मुलांना एस्टर बनवून दाखवताना परीक्षानळी कधीही थेट ज्योतीवर धरू देऊ नका. आधी पाणी तापवा, बर्नर विझवा, मग नळी गरम पाण्यात उभी करा. वास घ्यायचा तो नळी नाकाशी नेऊन नाही, मिश्रण सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात ओतून हाताने हलकेच वारा घेत. उरलेले आम्ल त्यामुळे मारले जाते आणि फळाचा वास मोकळा येतो.

कॉलेजात निष्कर्षणासाठी डायक्लोरोमिथेनऐवजी इथाइल ॲसिटेट घेणे हा चांगला बदल आहे. फक्त थर उलटे होतात हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्या. इथाइल ॲसिटेटची घनता ०.९० असल्याने ते पाण्याच्या वर राहते. खालचा थर ‘नेहमीप्रमाणे’ ठेवून वरचा फेकणारे विद्यार्थी दरवर्षी असतात. थर वेगळे होईनात तर मिठाचे संपृक्त पाणी घाला, त्याने पाण्यात जाणारे द्रावकही कमी होते. बायकार्बोनेटने धुताना फनेलमधला वायू पुन:पुन्हा सोडा. सोडियम हायड्रॉक्साइडने धुवू नका, एस्टरच तुटून सोडियम ॲसिटेट आणि अल्कोहोल होईल. वाळवायला निर्जल सोडियम सल्फेट किंवा मॅग्नेशियम सल्फेट वापरा. रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० अंशांना ते सुमारे २४० मिलिबार दाबाला उकळते, त्याहून खूप खाली दाब नेला तर ते कंडेन्सर चुकवून पंपात जाते. तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा नायट्रिक आम्लाच्या कचऱ्यात ते कधीही मिसळू नका, ही मिश्रणे स्फोटक ठरू शकतात.

कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी एवढेच: नमुने मारण्याच्या बरणीत सायनाइडच्या जागी हे द्रावक केव्हाही चांगले, आणि कीटकांचे सांधेही मऊ राहतात. बरणी काचेची हवी, पॉलिस्टायरीनची नको. ज्या नमुन्यांचा डीएनए काढायचा आहे ते मात्र यात घालू नका, डीएनए खराब होतो. त्यांना थेट तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवा.

खरेदी आणि तपासणी

माल पारखायला महागडी यंत्रे नसली तरी काही गोष्टी स्वतः करता येतात. हायड्रोमीटरने घनता पाहा. २० अंशांना ती ०.९०० ते ०.९०२ असते, पण ३० अंशांना ०.८९ च्या आसपास येते, तेव्हा तापमान न मोजता माल परत करू नका. पांढऱ्या फिल्टर पेपरवर थोडे टाकून उडू द्या. कडेला कडं उमटले, कागद तेलकट राहिला किंवा मागे रॉकेलसारखा वास उरला तर भेसळ आहे. कोरड्या हेप्टेनच्या वीसपट आकारमानात ते मिसळा. धुकट झाले तर माल ओला आहे. थोड्या डिस्टिल्ड वॉटरबरोबर हलवून त्या पाण्याचा पीएच पाहिला की आम्लाचा अंदाज येतो. ड्रमवर यूएन ११७३ हा क्रमांक आणि ज्वालाग्राही द्रवाची लाल खूण असायला हवी.

शरीराच्या बाजूने पाहता, रक्तात गेलेले इथाइल ॲसिटेट एन्झाइम्स पटकन अल्कोहोल आणि ॲसेटिक आम्लात तोडतात. म्हणूनच ते तुलनेने निर्धोक आहे. तरी दाट वाफेने डोळे आणि घसा चुरचुरतो, डोके जड होते, गुंगी येते. नाक या वासाला थोड्याच वेळात सरावते. ‘आता वास येत नाही’ यावरून हवा स्वच्छ झाली असे ठरवू नका, बाहेरून आलेल्या माणसाला विचारा. त्वचेचे तेल निघून ती फाटते. इथे पातळ नायट्राइलचे हातमोजे फसवतात, काही मिनिटांतच द्रावक त्यातून आरपार जाते. सतत काम असेल तर ब्युटाइल रबराचे मोजे घ्या. डोळ्यांत गेले तर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा. पोटात गेले तर उलटी करवू नका, ते फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो, सरळ दवाखान्यात न्या.

वापरलेले द्रावक पुन्हा मिळवताना पाणी आणि अल्कोहोल त्याच्याबरोबरच ७० अंशांच्या आसपास उडते, त्यामुळे साध्या ऊर्ध्वपातनाने माल कोरडा होत नाही. असा माल रोलर पुसायला चालेल, लॅमिनेशनला चालणार नाही. घरच्या घरी जोडलेल्या भट्टीवर, शेगडीच्या ज्योतीने हे काम करणे सरळसरळ आगीला निमंत्रण आहे. वाफ किंवा गरम तेलाने तापणारे बंद यंत्र हवे, नाहीतर हे काम परवानाधारक पुनर्प्राप्ती केंद्राला द्या. गटारात ओतणे कायद्याने गुन्हा आहेच, शिवाय गटारातली वाफ शेजारच्या गाळ्यात जाऊन पेटते.

रिकाम्या ड्रमकडे सगळ्यांचेच दुर्लक्ष होते. २०० लिटरच्या ड्रमच्या तळाशी जेमतेम चार चहाचे चमचे द्रावक उरले, तरी ते उडाल्यावर ड्रममधली सगळी हवा पेटण्याजोगी होते. ९० मिलिलिटरपर्यंत उरले तरी तीच स्थिती. भरलेल्या ड्रमपेक्षा असा ‘रिकामा’ ड्रम अधिक धोक्याचा असतो. त्याला गॅस कटर किंवा ग्राइंडर लावून टाकी, तंदूर किंवा पत्रा बनवायला देऊ नका. पिण्याच्या पाण्यासाठीही देऊ नका. झाकण लावून, उभा, सावलीत ठेवा आणि ड्रम धुण्याचा परवाना असलेल्यांकडेच पाठवा. देताना ड्रमवर आत काय होते ते ठळक लिहा आणि जुने लेबल फाडू नका.